रिकामी चौकट

तुझी फाइल काल रात्री उघडली. पेण तालुक्यातली गावं, आणि प्रत्येक गावापुढे मराठी विकिपीडियावरच्या लेखातला पहिला परिच्छेद, असं आपलं ठरलं होतं. खाली सरकत गेलो आणि 'गागोदे बु.' पाशी थांबलो. पुढची चौकट रिकामी. शेजारच्या रकान्यात तुझा शेरा : 'माहिती उपलब्ध नाही.'

गागोदे बुद्रुक. तुझं गाव. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा जिथे जन्मले ते गाव. माहिती उपलब्ध नाही? कुणाला उपलब्ध नाही? विनोबांचं जन्मघर दाखवायला पाहुण्यांना तूच घेऊन जातोस ना? हा शेरा टाकताना हात एकदाही अडखळला नाही? बाकीच्या गावांचं सोड. ती तू पाहिलेली नाहीस. पण स्वतःच्या गावाच्या ओळीवरही नजर न टाकता फाइल पाठवतोस, तेव्हा मला एकच कळतं. तू ती वाचलीच नाहीस. कोड चालला, फाइल तयार झाली, पाठवून मोकळा झालास.

सकाळी फोनवर विचारलं तर पहिलं वाक्य काय? "सर, लायब्ररीनंच रिकामं दिलं."

थांब. इथंच थांबू. खापर फोडायला डोकं शोधायच्या आधी स्वतःचं काम बघ.

तुझी ती लायब्ररी, पायविकिबॉट, तिच्यात विकिपीडियाच्या पानाचा मजकूर मागायच्या दोन वाटा आहेत. एक 'टेक्स्ट'. पान असेल तर मजकूर देते, पान नसेल तर रिकामी ओळ देते, आणि गप्प बसते. दुसरी 'गेट'. पान नसेल तर ती बोंब मारते, 'नो पेज' म्हणून एरर फेकते. पान दुसऱ्या नावाकडे वळवलेलं असेल तर तेही ओरडून सांगते. दोन्ही वाटा लिहिणाऱ्यांनी विचार करून ठेवल्या आहेत. नवं पान लिहायला बसलेल्याला रिकामी ओळ सोयीची असते. तू लिहायला नाही, तपासायला बसला होतास. तुला ओरडणारी वाट हवी होती.

आणि ती तुझ्याकडे होती! तुझ्या कोडचा इतिहास मी ओळीनं पाहिला आहे. पहिल्या दिवशी तू 'गेट'च लिहिलं होतंस. लाल अक्षरं आली. दुसऱ्या दिवशी तू त्याभोवती 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' बांधलंस आणि आत लिहिलंस 'पास'. म्हणजे काय? काहीही बिघडो, मला सांगू नकोस. तिसऱ्या दिवशी 'गेट' उडवून 'टेक्स्ट' टाकलंस. लाल अक्षरं गेली. तुला वाटलं, काम झालं.

ती लाल अक्षरं काय सांगत होती, वाचलंस? 'या नावाचं पान नाही.' एवढंच. नाव तपास, असं ती म्हणत होती. तू सांगणाऱ्याचं तोंड दाबलंस आणि आता म्हणतोस, मला कुणी सांगितलं नाही. घरात धूर झाला म्हणून कुणी डोळे मिटून घेतं का?

रिकाम्या चौकटीचे तीन अर्थ होऊ शकतात. पानच नाही. पान आहे, पण तू नाव चुकीचं मागितलंस. पान आहे, आणि खरोखरच कोरं आहे. तिन्ही वेगळ्या गोष्टी. तुझ्या फाइलीत तिन्हींचं तोंड सारखं. मग तू कोणत्या बळावर 'उपलब्ध नाही' म्हणालास? 'मला कळलं नाही' आणि 'अस्तित्वात नाही' यांतला फरक तुला येत नाही, असं मला वाटत नाही. येतो. म्हणूनच राग येतो.

हे क्षुल्लक वाटतंय? एका ठिकाणी मी नोकरीला होतो तेव्हा अशाच एका यंत्रणेतून आकडे यायचे. उत्तर आलं नाही की कुणा हुशार माणसाचा कोड तिथे शून्य भरायचा. कित्येक आठवडे वरच्या टेबलावर अहवाल जात होता की अमुक वाड्यांवर मागणी शून्य. मागणी होती. सर्व्हर उत्तर देत नव्हता. त्या शून्याखाली माणसं होती, ती टँकरची वाट बघत होती. तेव्हापासून कुणी रिकाम्या जागेवर ठोकून शेरा मारला की माझं डोकं फिरतं.

आता नावाकडे ये. तू मागितलंस 'गागोदे बु.' हा ठिपका कुठून आला? सरकारी यादीतून उतरवलास. सातबाऱ्यावर 'बु.' चालतं, कारण तलाठ्याला आणि तुला दोघांनाही ठाऊक असतं की ते बुद्रुक आहे. सर्व्हरला कुणी सांगितलं? त्याला 'बु.' म्हणजे एक ब, एक उकार आणि एक ठिपका. या नावाचं पान त्याच्याकडे नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. तुझ्या मनातलं ओळखणं हे त्याचं काम नाही.

त्याआधीची फाइल तर आणखी थोर होती. तिथे तू नावांतले दुसरे शब्दच छाटून टाकले होतेस. बुद्रुक, खुर्द, सगळे. "सर, नावं स्वच्छ केली." कुणाला विचारून? बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. फारसीतून आलेले हे शब्द महाराष्ट्रात हजारो जोडगावांची ओळख आहेत. खडकवासल्याच्या काठाला गोऱ्हे बुद्रुक आहे आणि गोऱ्हे खुर्दही आहे. दोन गावं, दोन ग्रामपंचायती. तुझ्या स्वच्छतेनं त्यांचं एक गाव झालं असतं. कोकणातल्या पोरानं बुद्रुक आणि खुर्द यांतला फरक पुसावा? बाहेरच्या कुणी पुसला असता तर तूच भांडायला उठला असतास.

आणि गोऱ्हे निघालंच आहे तर त्यातल्या 'ऱ्ह'कडे नीट बघ. हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत काम करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, कारण इंग्रजीत लिहिलेला कुठलाही धडा हे सांगणार नाही. त्यांना हा र नाही, आपल्याला आहे. तू वर्गात हे मला विचारलं होतंस! पहिल्या सहामाहीत, तिसऱ्या बाकावरून. मला आठवतं, कारण तो प्रश्न आख्ख्या वर्गात फक्त तुला पडला होता. तो पोरगा कुठे गेला?

मग आली ती दहा गावांची गोष्ट. पहिल्या फेरीत तू मला पेण तालुक्याची दहा गावं दिलीस. दहा! शंभराहून जास्त गावांचा तालुका, आणि तू दहा नावं घेऊन उभा. एसटीनं घरी जाताना खिडकीतून दहापेक्षा जास्त पाट्या वाचतोस की नाही? तरी शंका आली नाही?

कारण साधं होतं. लायब्ररी सावकाश चालते म्हणून तू ती बाजूला सारलीस आणि पेणच्या गावांच्या 'वर्गा'ची, म्हणजे कॅटेगरीची, यादी थेट विकिपीडियाच्या एपीआयकडे मागितलीस. किती हवीत ते सांगितलं नाहीस. न सांगितल्यास विकिपीडियाचा सर्व्हर वर्गातली दहा नावं देतो, सांगितल्यास एका वेळी पाचशेपर्यंत देतो, आणि पुढे आणखी असतील तर उत्तराच्या सोबत 'कंटिन्यू' म्हणून खूण देतो. ती खूण परत पाठवायची, पुढची नावं घ्यायची, खूण येईनाशी झाली की थांबायचं. तुझ्या उत्तरात ती खूण होती. मी स्वतः पाहिली. पडद्यावर छापून घेतली होतीस, पण वाचली नाहीस. पायविकिबॉट हे फेरे आपण होऊन मारतं. जे काम लायब्ररी बिनबोभाट करत होती ते तू तिच्या हातून काढून घेतलंस आणि स्वतः केलं नाहीस.

लायब्ररी सावकाश का चालते, हे तरी विचारलंस का कधी? ती मुद्दाम सावकाश चालते. पानं जपून ठेवताना दोन लेखनांमध्ये थांबते. सर्व्हर मागे पडलेला असेल तर 'मॅक्सलॅग' पाहून वाट बघते. समोर एक यंत्रणा आहे, ती लाखो लोक वापरतात, फुकट वापरतात. तू वीस धागे एकदम सोडलेस. उत्तर आलं ४२९. म्हणजे, बाबा रे, फार मागतोयस, दम घे. आणि तू मित्राला काय लिहिलंस? 'विकिपीडियाचा सर्व्हर भिकार आहे.' लाज वाटत नाही? पाणवठ्यावर वीस हंडे एकदम लावायचे आणि विहिरीला शिव्या द्यायच्या?

त्यांनी नियम लपवलेले नाहीत. एकामागून एक मागा. पन्नास शीर्षकं एकाच मागणीत उभ्या रेघेनं जोडून पाठवता येतात. आपण कोण, कशासाठी आलो आणि गाठायचं कुठे, हे 'यूजर एजंट'मध्ये लिहा. तू तिथे काय लिहिलं होतंस? 'टेस्ट'. कुणाच्या दारात गेलास आणि कोण म्हणून विचारलं तर 'टेस्ट' सांगतोस का? पन्नास-पन्नास पानं आधीच उचलून आणायची सोय पायविकिबॉटमध्ये तयार आहे. ती वापरली असतीस तर तुझी आख्खी यादी मोजक्या फेऱ्यांत आली असती. वीस धाग्यांपेक्षा लवकर.

आणखी एक. सर्व्हरनं २०० म्हटलं की तू खूश होतोस. विकिपीडियाचा एपीआय चुकीच्या मागणीलाही २०० देतो आणि चूक काय ते आत, उत्तराच्या पोटात लिहितो. दार उघडलं याचा अर्थ काम झालं असा नाही. आतलं पत्र वाचावं लागतं. तुझ्या कोडमध्ये २०० आलं की पुढे. पोट कुणी बघायचं?

पासवर्डचं तर मी बोलणारच नव्हतो, पण बोलावं लागेल. तुझ्या खात्याचा पासवर्ड असलेली फाइल तू कोडसोबत जगजाहीर ठेवली होतीस. मी सांगितल्यावर ती फाइल पुसलीस आणि म्हणालास, "काढली सर." काय काढली? इतिहासात ती जशीच्या तशी आहे. दोन टिचक्यांत मला दिसली. फाइल पुसून पासवर्ड परत गुप्त होत नाही. आधी तो बदलायचा, मग इतिहास साफ करायचा. आणि मुळात हवा होता कशाला? वाचायला लॉगिन लागतच नाही! लिहायचं असतं तेव्हासुद्धा मोजक्या परवानग्यांचा वेगळा बॉट पासवर्ड काढता येतो, नको झाला की रद्द करता येतो. हे तू अभ्यासक्रमात वाचलं आहेस. पेपरात लिहून आठपैकी सात गुण घेतले आहेस. ते सात गुण कागदावरच राहिले का?

आता तुझ्या सबबी घेऊ. सगळ्या मला पाठ आहेत.

"गावात रेंज नसते." नसते. मान्य. पाऊस लागला की दोन-दोन दिवस जाते. पण लायब्ररी एकदा उतरवली की तिचा आख्खा मूळ कोड तुझ्या लॅपटॉपवर येऊन बसतो. 'हेल्प' लिही, माहिती उघडते. त्याला रेंज लागत नाही. 'टेक्स्ट' रिकामी ओळ का देतं, हे त्याच फाइलीत वाचता येतं. तू ती एकदा तरी उघडलीस? आणि रेंज जाते हे ठाऊक असलेला माणूस एकदा आणलेली पानं जपून ठेवतो. तू प्रत्येक वेळी पहिल्यापासून मागत राहिलास.

"कोड एआयनं लिहून दिला." दिला असेल. वर नाव कुणाचं आहे? त्यानं लिहिलेलं वाचून, पारखून घ्यायला मी तुला बंदी केलेली नाही. न वाचता पुढे ढकलायला केली आहे. त्याला गागोदे माहीत नाही. तुला माहीत आहे.

"डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे, सर." ही सबब मला लागते. कारण ती पूर्ण खोटी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला ती पानं कशी दिसतात ते मला कळतं. मीही त्याच वाटेनं आलो. एकेक वाक्य तीनदा वाचावं लागतं. वाचायचं! तीनदा वाच, पाच वेळा वाच. कोश घेऊन बस. त्या पानावर कादंबरी नाही, दहा ओळी आहेत आणि त्यातले सहा शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात. क्रिकेटच्या बातम्या इंग्रजीत वाचतोस तेव्हा कोण मदतीला येतं? तिथे अडत नाही, आणि इथेच अडतं? तुला इंग्रजी अडवत नाही. तीनदा वाचायचा कंटाळा अडवतो. त्या कंटाळ्याला तू गरिबीचा आणि मराठीचा अंगरखा घालतोस, हे मी खपवून घेणार नाही. कारण ज्यांना खरोखर अडतं, त्यांचा तू अपमान करतोस.

तुझ्या गावच्या माणसाचं सांगतो, आणि जयंतीच्या भाषणातलं सांगत नाही. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती. त्यांनी तिला मराठी भाषांतर आणून दिलं, तेही तिला जड गेलं. तेव्हा ती म्हणाली की तूच का करत नाहीस. आई १९१८ साली गेली. गीतेचं त्यांचं मराठी रूप, गीताई, लिहून झालं १९३१ मध्ये. मधली बारा-तेरा वर्षं त्या माणसानं काय केलं? मुळाशी झगडला. शब्दन् शब्द तोलला. पुढे कुराण समजून घ्यायचं म्हणून अरबीही शिकला. हाताशी भाषांतरं नव्हती का? होती. भाषांतर वाचायला त्यांची ना नव्हती. पण ज्याच्यावर आपण उभे राहणार, त्याचं मूळ काय म्हणतं ते स्वतः बघायचं, ही त्यांची रीत होती. आणि शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं? स्वतःच्या हातानं जाळली. तुझ्या भिंतीवर ऑनलाइन कोर्सची चार प्रमाणपत्रं आहेत. त्यातलं एक नेमकं याच विषयाचं आहे. जाळ असं मी म्हणत नाही. त्यावर जे छापलंय ते खरं कर.

मी तुझ्याकडून बारा वर्षं मागत नाही. एक संध्याकाळ मागत होतो.

आणि तू आळशी आहेस असंही मी म्हणू शकत नाही, हेच तर दुखणं आहे. गणपतीच्या आधी दोन महिने तू पेणच्या कारखान्यात काम करतोस. मी तिथे आलो होतो, तू मला पाहिलं नाहीस. साच्यातून मूर्ती बाहेर आली की तू काय करत होतास? उलटी करून बघत होतास. बोटांनी सांधा चाचपत होतास. सोंडेखाली बारीक तडा दिसला तर बाजूला ठेवत होतास, रंगाच्या रांगेत जाऊ देत नव्हतास. शेजारचा पोरगा म्हणाला, रंगात झाकलं जाईल. तू म्हणालास, झाकलं जाईल, पण गिऱ्हाइकाच्या घरी फुटेल. हे तुझे शब्द आहेत. मी गर्दीत उभा राहून ऐकले. साच्यावर विश्वास नव्हता म्हणून तपासत नव्हतास. साचा चांगलाच होता. पण साचा फक्त आकार देतो आणि मूर्ती आपल्या हातून जाते, हे तुला तिथे कुणी शिकवावं लागलं नाही.

मग इथे काय झालं? लायब्ररी तुझा साचा नाही का? तिच्यातून निघालेली प्रत्येक ओळ उलटी करून बघायला तुझ्या बोटांना काय झालं? तिथे मालक बघतो म्हणून? की मातीला तडा गेला तर डोळ्यांना दिसतो आणि इथला दिसत नाही, म्हणून? दिसत नाही तिथे जास्त बघायचं असतं.

शेवटची गोष्ट, आणि ही सगळ्यात गंभीर. तुझ्या वहीत मी पुढचा बेत वाचला. ज्या गावांची पानं 'नाहीत' त्यांची पानं बॉट लावून आपोआप तयार करायची. एका रात्रीत. कशाच्या आधारावर? या यादीच्या? 'गागोदे बु.' नावाचं पान नाही, म्हणून तू ते बनवणार? खऱ्या नावाच्या पानाशेजारी ठिपक्याचं खोटं पान? मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून उभा आहे. लोकांनी रात्री जागून, पगाराविना, एकेक ओळ लिहून तो उभा केला आहे. तुझा बॉट एका तासात जो कचरा टाकेल तो काढायला त्यांचे महिने जातील. विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे तिथल्या चर्चेच्या पानावर, विचारलंस? बॉट चालवायची परवानगी मागितलीस? पायविकिबॉटला 'सिम्युलेट' सांगितलं की ते काय लिहिणार होतं ते दाखवतं आणि खरोखर काही जपून ठेवत नाही, हे वाचलंस? सरावासाठी वेगळा चाचणी विकी ठेवलेला आहे. तिथे हवं तेवढं चूक. चुकायला माझी हरकत कधीच नव्हती.

आज रात्री लिहायचा कोड बंद. 'सेव्ह' हा शब्द फाइलीत कुठेही दिसता कामा नये. आधी पासवर्ड बदल, मला कळव, मग जेवायला बस. उद्या सकाळी 'एक्सेप्ट'मधला तो 'पास' काढ. 'टेक्स्ट' काढून 'गेट' परत घाल. लाल अक्षरं येतील. येऊ देत. प्रत्येक एरर वहीत उतरव, शेजारी गावाचं नाव लिही, आणि ती का आली ते तुझ्या मराठीत एका ओळीत लिही. रकाने चार कर : पान सापडलं, पान नाही, वळवलेलं आहे, सर्व्हरनं उत्तर दिलं नाही. पाचवा रकाना नको.

यादी पुन्हा लिहिताना पहिली ओळ तुझ्या गावाची घे. पूर्ण नाव लिही. ठिपका नको.